आज बस छैन

आमच्या वाडीतून परदेशी जाऊन आलेला मी पहिलाच. त्यामुळे आल्यापासून जो तो विचारतो, तिकडे काय काय पाहिलेस? मी खरे तेच सांगतो. हिमालय दिसला नाही, ढग होते. काठमांडूपर्यंत पोचलोच नाही. एक बस पाहिली, तिचा कंडक्टर पाहिला आणि एका म्हातारीच्या घरी भात खाल्ला. एवढ्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटते, पोरगा काहीतरी लपवतो आहे. म्हणून सगळे नीट लिहून काढायचे ठरवले.

मी संगमनेरला कॉलेजात शिकतो. आमच्या घरात याआधी कोणी कॉलेज आतून पाहिलेले नाही. वडील देवळाली प्रवरेजवळ ऊस करतात. गेल्या मे महिन्यात उत्तर बिहारमध्ये विद्यार्थ्यांचे श्रमदान शिबिर होते, त्यात माझे नाव लागले. ही बातमी वसतिगृहात पसरली तेव्हा सर्वांत जास्त आनंद आमच्या पहारेकऱ्याला झाला.

त्याला सगळे बहादूर म्हणतात, मी बहादूरभाऊ म्हणतो. तो नेपाळचा. चालताना डावा खांदा खाली सोडतो, काठी तिरकी धरतो आणि दर चार पावलांनी मान वळवून मागे बघतो. ही चाल आमच्या वसतिगृहात प्रत्येकाला करून दाखवता येते. स्नेहसंमेलनात ती हमखास होते आणि पहिल्या रांगेत बसून बहादूरभाऊच सर्वांत मोठ्याने हसतो.

त्याने मला भूगोलाच्या वर्गात नेले. भिंतीवरच्या नकाशात शिबिराच्या जागी एक बोट ठेवले, त्याच्या गावावर दुसरे ठेवले. मध्ये नखाएवढे अंतर राहिले. "येवढंच तर हाय, भाऊ," तो म्हणाला.

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. तो बरीच वर्षे घरी गेलेला नव्हता. त्याच्या भागातला एक माणूस मध्यंतरी नाशिकला भेटला होता. आईने आपल्याला मेलेला धरले आहे, असे त्याला त्या माणसाकडून कळले. पत्रे पाठवली होती, पण तिला वाचता येत नाही. शिवाय कागद कोणीही लिहितो, असे तिचे म्हणणे.

"मानूस जायला पायजे, भाऊ. मानसानं तोंडानं सांगायला पायजे."

मला कोणालाही नाही म्हणता येत नाही. त्याच कारणाने मी कॉलेजातल्या तीन मंडळांचा चिटणीस आहे. मी हो म्हणालो. त्याने मला एक वाक्य शिकवले: "आमा, म दसैंमा आउँछु." म्हणजे, आई, मी दसऱ्याला येतो. ते मी पाठ केले. मग भीत भीत विचारले की बाकीच्या बोलण्याचे कसे करायचे? बहादूरभाऊ हसला.

"बाकी समदं मराठीच हाय. पानी म्हंजे पानी. भात म्हंजे भात. मामा म्हंजे मामा. तुला काय अवघड न्हाई."

या एका आश्वासनावर मी परदेशात शिरलो. पुढे जे जे झाले, ते या आश्वासनामुळे झाले.

निघण्याआधी घरी गेलो. वडिलांनी विचारले, "परदेसात चाल्लाय म्हनं. मधी समुद्र लागतो का?"

मी म्हणालो, "नाही, टांगा लागतो."

"टांग्यानं जात्यात त्यो कसला परदेस?" ते म्हणाले. पण थोड्या वेळाने आतून गुळाची एक ढेप घेऊन आले. लहान कलिंगडाएवढी होती. ती त्यांनी गोणपाटात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "म्हातारीच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ नको. पोरगं उसाच्या मुलखात हाय म्हनावं. उपाशी न्हाई."

सरहद्द

शिबिराबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. आम्ही एक बंधारा बांधला आणि मुंग्यांनी माझी ढेप शोधून काढली. शिबिर संपल्यावर बाकीची मुले काशीला गेली, मी गोणपाट घेऊन रक्सौलला टांग्यात बसलो. आमच्यासारख्यांना तिकडे जायला पासपोर्ट लागत नाही. पुलापलीकडे एक शिपाई उभा होता. त्याने गोणपाटावर काठी टेकवली. मी म्हणालो, "गूळ." त्याने गाठ सोडून पाहिले आणि म्हणाला, "सख्खर."

आता मी उसाच्या मुलखातला मुलगा. गुळाला साखर म्हटलेले मला सहन होईना. मी नम्रपणे सांगितले, साखर नाही, गूळ. तो पुन्हा म्हणाला, सख्खर. मी हाताने कढई ढवळून दाखवली आणि ढेप साच्यातून कशी काढतात तेही दाखवले. टांगेवाला डोक्याला हात लावून बसला होता. शेवटी मी एक खडा फोडून शिपायाच्या हातावर ठेवला. त्याने तो शांतपणे खाल्ला, दुसऱ्या शिपायाला हाक मारली, त्यालाही एक खडा द्यायला लावला आणि दोघे एका आवाजात म्हणाले, "सख्खर." गुळाला तिकडे तेच म्हणतात, हे मला परत आल्यावर कळले. त्या वेळी मात्र, या देशाला उसाची काही माहिती नाही, असे मनाशी म्हणत मी पुढे गेलो.

वीरगंज ते हेटौंडा

वीरगंजच्या बसस्टँडवर पाय ठेवला आणि अंगावर काटाच आला. एका बसच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर मोठ्याने ओरडत होता, "जाऊँ! जाऊँ!"

मराठी! घरापासून इतक्या लांब, परमुलखात, शुद्ध मराठी! गर्दीतून वाट काढत मी त्याच्यापर्यंत पोचलो आणि विचारले, "दादा, कोणत्या गावचे तुम्ही?"

त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या गोणपाटाकडे पाहिले आणि पुन्हा म्हणाला, "जाऊँ." मी म्हणालो, "हो हो, जाऊ." इथपर्यंत आमचे उत्तम चालले होते. मग त्याने गोणपाटाकडे बोट केले आणि म्हणाला, "माथि."

आमच्याकडे माथा म्हणजे डोके. मी ढेप डोक्यावर घेतली. तो जोरात म्हणाला, "माथि, माथि!" मी ती दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली. मला वाटले, गाडीत जागा कमी आहे, सामान डोक्यावर धरून बसायचा इथला नियम असेल. नियम पाळण्यात मी कमी पडणार नव्हतो. तसाच चढलो आणि डोक्यावर ढेप घेऊन खिडकीजवळ बसलो. बाकी कोणाच्याच डोक्यावर काही नव्हते, पण त्यांच्याकडे सामानही नव्हते. बस पहिल्या वळणावर कलंडली तेव्हा मी ढेपेसकट शेजारच्या म्हाताऱ्याच्या कुशीत गेलो. म्हाताऱ्याने कंडक्टरला हाक मारली, "ओ दाइ!"

दाई? मी दचकून गाडीत पाहिले. कोण्या बाईला दिवस भरले असतील असे वाटले. पण कंडक्टरच आला. त्याने माझ्या डोक्यावरची ढेप उचलली, बस थांबवली, शिडीने टपावर चढला आणि वरून ओरडला, "माथि!" माथि म्हणजे वर, टपावर. सगळी बस हसत होती. मीही हसलो. न हसता बसणे जास्त अवघड होते. दाई मात्र कोण, हे समजायला आणखी चार थांबे लागले. उतरणारा प्रत्येक जण मिशीवाल्या कंडक्टरला दाइ म्हणत होता. तिकडे मोठ्या भावाला दाइ म्हणतात. आपल्याकडच्या एखाद्या कंडक्टरला तशी हाक मारली असती तर उतरणाऱ्याचे काय झाले असते, याचा विचार करत मी बाहेर पाहू लागलो.

बाहेर आधी सालवृक्षांचे जंगल होते, मग डोंगर सुरू झाले. आमच्याकडे डोंगर लांबून दिसतात, इथे ते खिडकीतून आत येत होते. वाटेत पाऊस आला. थोड्या वेळाने माझ्या खिडकीच्या काचेवरून तांबूस ओघळ यायला लागले. मी बोट लावून चाखले. गूळ होता. टपावर ढेपेच्या शेजारी एक बोकड बांधलेला होता, तो सकाळपासून ओरडत होता. आता बराच वेळ त्याचा आवाज नव्हता. हेटौंड्याला ढेप खाली आली तेव्हा गोणपाटाला एक भोक होते आणि बोकडाच्या दाढीला तार सुटली होती.

हेटौंडा

इथून बहादूरभाऊच्या सिमपानीकडे दुसरी बस धरायची होती. स्टँडसमोर चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे दिदी म्हणत होते. मी मराठीतच, पण सावकाश विचारले, "दिदी, सिमपानी बस?"

त्या म्हणाल्या, "आज बस छैन. भोलि."

आमच्या भागात 'आम्ही'चे 'आमी' होते आणि 'तुम्ही'चे 'तुमी'. असल्या सवयीच्या कानाला छ आणि च यांत काय फरक? मी जे ऐकले ते असे: आज बस, चैन. म्हणजे बस आरामात, काळजी करू नकोस. केवढी मायाळू बाई! 'भोलि' मात्र नीट लागेना. भोळी? पण मी पुरुष. कदाचित स्वतःबद्दल म्हणत असतील. शाळेत हिंदी शिकलो होतो, ते वापरून खात्री करता आली असती. पण इतके स्वच्छ मराठीत कळल्यावर हिंदीत विचारायचे तरी कशाला?

मी बाकावर पाय पसरून बसलो. दिदी मधूनमधून येऊन म्हणत, "बस छैन, भाइ." मी हसून म्हणे, "बसलोय, दिदी. चैनीत आहे." त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत, तो माझ्याकडे बघे. उपकार फेडावेत म्हणून मी ढेपेचा एक खडा फोडून त्यांना दिला. त्यांनी त्याचा चहा केला आणि मला पाजला. ऊन उतरले, समोरची दुकाने मिटू लागली, तरी मी चैनीत. अखेर तोच मिशीवाला कंडक्टर चहाला आला. दिदींनी माझ्याकडे बोट दाखवून त्याला बरेच काही सांगितले. तो माझ्याजवळ आला आणि हिंदीत म्हणाला की छैन म्हणजे नाही. भोलि म्हणजे उद्या. आज बस नाही, उद्या आहे.

दुपारभर मी नसलेल्या बसची वाट पाहत पाय पसरून बसलो होतो. कंडक्टरला इतके हसू आले की त्याने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. रात्री दिदींनी टपरीतल्या बाकावर झोपू दिले, सकाळी त्याच कंडक्टरच्या बसमध्ये बसवून दिले आणि त्याला काहीतरी बजावले. या वेळी ढेप माथी गेली, पण बोकड नव्हता.

सिमपानी

रस्ता चढत होता आणि कंडक्टर प्रत्येक नव्या प्रवाशाला माझी हकीकत ऐकवत होता. त्या भरात सिमपानी मागे गेले. लक्षात येताच त्याने बस थांबवली, मला उतरवले, ढेप दिली आणि आलो त्या बाजूला हात करून म्हणाला, "अलि वर." बस निघून गेली.

वर! चला, एक तरी शब्द सरळ निघाला. मी वर पाहिले. डोंगरात एक पायवाट जात होती. ढेप डोक्यावर घेतली आणि चढू लागलो. त्यांच्या भाषेत वर म्हणजे अलीकडे. गाव रस्त्यालगत, थोडे मागे होते. मी घामाघूम होऊन जिथे पोचलो, तिथे गाव नव्हते. एक म्हैस होती आणि गवत कापणारी एक म्हातारी होती.

मी दम खात विचारले, "बहादूरची आमा? कांछाची आमा?" बहादूरभाऊला घरी कांछा म्हणतात, म्हणजे धाकटा. म्हातारीने खाली दरीकडे सगळीकडे हात फिरवला. खरेच, धाकटा मुलगा तर घरोघरी असणार. मग बहादूरभाऊने सांगितलेली खूण आठवली: आईला मुलाच्या गावाचे नाव तेवढे ठाऊक होते. मी म्हणालो, "संगमनेर."

तिच्या हातातला विळा गवतात पडला.

मी ढेप खाली ठेवली, चपला काढल्या, हात जोडले आणि वाटेत कितीतरी वेळा घोकलेले वाक्य म्हणून दाखवले. "आमा, म दसैंमा आउँछु."

 तिने माझ्या छातीकडे बोट केले. "तँ?"

मी मान डोलावली. "म." तेव्हा कुठे मला कळले की मी काय बोललो होतो. मी दसऱ्याला येतो, असे एक अनोळखी मराठी मुलगा तिच्यापुढे उभा राहून सांगत होता. कोण मी, का येणार, तिचा मुलगा कुठे आहे, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नव्हते. मी घाईने म्हणालो, "म नाही, कांछा." म नाही! आता तर मुलाच्या नावाला 'नाही' लागले, आणि नेमका तेवढा एक शब्द तिला कळला असावा. तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली. मी ढेप पुढे केली, तिने तिला हात लावला नाही. परगावचा माणूस वस्तू घेऊन येतो आणि नाव घेऊन गप्प होतो, याचा एकच अर्थ होतो. आमच्याकडेही तोच होतो.

 शाळेतले हिंदी बोलून पाहिले, तिला ते कळेना. बीएच्या पहिल्या वर्षाचा मुलगा मी, वक्तृत्वाचे बक्षीस मिळालेले, आणि 'तो जिवंत आहे' हे तीन शब्द माझ्याकडे नव्हते.

मग मी गवतातून एक काठी उचलली. ती तिरकी धरली, डावा खांदा खाली सोडला आणि म्हशीभोवती चालायला लागलो. चार पावले टाकली की मान वळवून मागे बघायचो. फाटकाशी आलो असे समजून काठी आपटली. उशिरा येणाऱ्या मुलांना बहादूरभाऊ जसा डोळे वटारतो आणि मग सोडून देतो, तसे म्हशीला केले.

म्हातारी उठली. माझ्याजवळ आली. माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आणखी दोन बोटे खाली दाबला. मग मागे सरून एक शब्द म्हणाली आणि हाताने चाल अशी खूण केली. तो शब्द मला कळला नाही, हाताची खूण कळली. मी पुन्हा चाललो. आता तिने तोंडाला पदर लावला होता. ती हसते आहे की रडते आहे, ते मला म्हशीच्या पलीकडून दिसत नव्हते.

घरी जाताना ढेप तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली. तोवर ती नारळाएवढी उरली होती. संध्याकाळपर्यंत निम्मे सिमपानी अंगणात जमले आणि मला ती चाल प्रत्येकाला करून दाखवावी लागली. म्हातारी दर वेळी माझा खांदा दुरुस्त करायची.

मग जेवण. मला भात, डाळ आणि हिरवी भाजी वाढली. म्हातारी आणि तिची थोरली सून मात्र काळसर पिठाचा घट्ट गोळा घेऊन बसल्या. आमच्या बाजरीच्या घाट्यासारखा तो दिसत होता. त्यांना तोच आवडत असेल, असे मला वाटले. सून पुन्हा वाढायला आली. मी पानावर हात आडवा धरून म्हणालो, "पुरे, पुरे."

ती थबकली. "पूरै?"

"हो, पुरे."

तिने सासूकडे पाहिले. सासूने मान हलवली. सुनेने आतून पातेले आणले आणि सगळा भात माझ्या ताटात उलटा केला. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, पण इतका आग्रह मी कुठे पाहिला नव्हता. टाकणे बरे दिसले नसते. डोळे मिटून शेवटच्या शितापर्यंत जेवलो. बघायला आलेली माणसे कौतुकाने एकमेकांना काहीतरी सांगत होती.

सकाळी निघताना म्हातारीने माझे दोन्ही कान धरले आणि एक निरोप माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला: "सख्खर चाहिँदैन. नक्कल पुग्यो. आफैं आइज." त्यातला 'सख्खर' सरहद्दीवर ऐकलेला आणि 'नक्कल' ओळखीचा, एवढेच दोन शब्द मला लागले. तिला माझी नक्कल आवडली असणार, असे मी धरले.

संगमनेर

परतीच्या वाटेवर तो निरोप घोकत आलो. आगगाडीत समोरच्या बाईंनी त्यांच्या मुलीला माझ्यापासून लांब बसवले. जूनमध्ये वसतिगृह उघडले तेव्हा बहादूरभाऊ फाटकाशीच उभा होता. मी चपला काढल्या नाहीत, हात जोडले नाहीत, म्हातारी म्हणाली होती तसे जोरात म्हणालो, "सख्खर चाहिँदैन. नक्कल पुग्यो. आफैं आइज."

तो दोन पावले जवळ आला. पुन्हा म्हण, म्हणाला. मी पुन्हा म्हणालो. शेवटचा शब्द ती कसा ओढते ते मी नीट उचलले होते.

मग त्याने अर्थ सांगितला. "गूळ नको म्हनती. नक्कल पुरे झाली. तू सोता ये."

मी विचारले, इतकी वर्षे गेला का नाहीस? तो काठीने मातीत रेघा मारत राहिला. "पहिल्यांदा रजा न्हाई म्हनून. मंग जेवढी वर्सं गेली तेवढी लाज वाढली. इतक्या दिसांनी कोन्त्या तोंडानं जायाचं, भाऊ?"

माझ्या डोक्यात दुसरेच चालले होते. पुग्यो म्हणजे पुरे? मग मी जेवताना पुरे म्हणालो ते काय झाले? मी ते सगळे त्याला सांगितले. तो आधी ऐकत होता, मग फाटकाला धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "पूरै म्हंजे समदं! तू समदा भात मागितला. आमच्याकडं भात पावन्यापुरता करत्यात. समदा खाऊन आला, व्हय?"

यंदा दसऱ्याला आमच्या वसतिगृहाला पहारेकरी नव्हता. आदल्या आठवड्यात मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. वडिलांनी नवी ढेप पाठवली होती, गेल्या वेळेपेक्षा मोठी. म्हातारीचा निरोप त्यांना सांगितला होता, तरी त्यांनी ऐकले नाही. नाशिकची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, सामान वर टाका. बहादूरभाऊने माझ्याकडे पाहिले, ढेप डोक्यावर घेतली आणि तसाच आत जाऊन बसला. कंडक्टर ओरडत राहिला.

गाडी सुटताना त्याने खिडकीतून विचारले, "आमाला तुझा काय निरोप सांगू?"

मी बराच विचार केला. म्हणालो, "सांग, मराठीत पुरे म्हणजे पुग्यो."

त्याने मान हलवली. "हे मी सांगनार न्हाई. पुन्ना गेलास तर भात नको का तुला?"